माता ऑर्तिसच्या कुंभाराचं गिऱ्हाईक

1976 सालच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, डेमिंग नावाच्या लहानशा गावी, जुन्यापान्या वस्तूंच्या एका दुकानात तीन मडकी विकायला ठेवलेली होती. पातळ अंगाची, हातानं घडवलेली, बारीक रेघांच्या नक्षीची. ती कुणाची, कुठली, काही लिहिलेलं नव्हतं. कुणी गरीब माणसांनी कपड्यांच्या बदल्यात ती दिली, एवढंच दुकानात ठाऊक होतं. स्पेन्सर मॅक्कॅलम हा मानववंशशास्त्राचा अभ्यासक त्या दुकानात आला. मडकी त्याच्या मनातून जाईनात. हा हात कुणाचा, हे शोधायला तो मडक्यांचे फोटो घेऊन सीमेपलीकडे मेक्सिकोत गेला, लोकांना दाखवत विचारत राहिला आणि चिवावा राज्यातल्या माता ऑर्तिस या गावी पोचला. तिथे त्याला हुआन केसादा भेटला.

परदेशातल्या एखाद्या छोट्या कारागिराला गिऱ्हाईक कसं मिळवून द्यावं, असं कुणी विचारलं की मी ही हकिगत सांगतो. मॅक्कॅलम व्यापारी नव्हता. त्याचं दुकान नव्हतं, मडकी विकण्याचा अनुभवही नव्हता. तरी त्याच्या मदतीमुळे एका माणसाचा धंदा उभा राहिला आणि त्या माणसामागून एक अख्खं गाव. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानं धरलेला क्रम. कारागिराला मदत करायला निघालेली बहुतेक माणसं आधी गिऱ्हाईक शोधू लागतात. मॅक्कॅलमनं आधी कारागिराला सवड मिळवून दिली आणि मग त्या कामाचं मोल कळेल असं गिऱ्हाईक शोधलं.

माता ऑर्तिस अमेरिकेच्या सीमेपासून सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला, पालांगानास नदीच्या काठी आहे. गाव रेल्वेमुळे वसलं. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला पिअर्सन म्हणत. रेल्वेची दुरुस्तीशाळा होती तोवर गावात रोजगार होता. ती नुएवो कासास ग्रान्देस या शहरात गेली आणि गावाकडे राहिली थोडीफार शेती, गुरं आणि मिळेल ती मजुरी. केसादाचा जन्म 1940 चा. तो तान्हा असतानाच घरचे लोक या गावात आले. शाळा थोडकी झाली. पोरवयात तो गाढव घेऊन डोंगरात सरपण आणायला जाई, आणि तिथे त्याला नक्षीची खापरं सापडत.

ती खापरं पाकिमे या जुन्या नगराच्या काळातली. माता ऑर्तिसपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर पाकिमेचे अवशेष आहेत. साधारण 1200 ते 1450 या काळात हे नगर भरभराटीला आलं होतं. मातीच्या अनेक मजली इमारती, घरोघर फिरवलेले पाण्याचे पाट, मकाव पोपट पाळायचे मातीचे खुराडे असं सगळं तिथे होतं. 1958 ते 1961 या काळात चार्ल्स डी पेसो यांच्या नेतृत्वाखाली तिथे मोठं उत्खनन झालं, आणि 1998 साली युनेस्कोनं पाकिमेला जागतिक वारसास्थळ ठरवलं. मात्र नगर उजाड झालं तेव्हा तिथली मातीची कारागिरीही गेली. केसादाच्या लहानपणी माता ऑर्तिसमध्ये नक्षीची मडकी घडवणारं कुणीही नव्हतं.

म्हणून तो खापरांकडूनच शिकला. सुरुवातीला त्याची मडकी तडकत. मग त्यानं खापरांच्या तुटक्या कडा निरखल्या. त्यांत मातीबरोबर भरड कण मिसळलेले दिसले. मातीत असं काही घातलं की ती सुकताना आणि भाजताना तडकत नाही, हे त्यानं करून पाहून ताडलं. रंगांसाठी त्यानं डोंगरातले दगड आणले, कुटले, भाजून पाहिले. काळ्यासाठी मँगेनीज, लालसाठी लोहाची माती. हे सगळं मजुरी आणि रेल्वेची नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याला शिकवणारं कुणी नव्हतं, हातात पुस्तक नव्हतं.

या गावातली मडकी कशी होतात ते नीट पाहायला हवं, कारण त्याशिवाय त्यांच्या किमतीचं आणि गिऱ्हाइकाचं गणित कळत नाही. माती डोंगरातून खणून आणतात, भिजवतात, फडक्यातून गाळतात आणि मुरू देतात. चाक नाही. मातीची चपटी चकती, जिला तिथले लोक तोर्तिया, म्हणजे पोळीच, म्हणतात, प्लास्टरच्या उथळ वाडग्यात दाबून बसवायची. तिच्या काठावर मातीची एकच जाड वळी ठेवायची आणि वाडगं फिरवत, चिमटीत दाबत, ती वर ओढत न्यायची. भिंत पातळ करायला लोखंड कापायच्या करवतीचं पातं वापरतात. ते ओल्या मातीवरून हलक्या हातानं इतकं फिरवायचं की मडक्याची जाडी सगळीकडे एकसारखी व्हावी. सुकल्यावर काचकागदानं घासायचं, मग गुळगुळीत दगडानं किंवा हाडानं घोटायचं, चकाकी येईपर्यंत.

त्यानंतर रंगकाम. कुंचला माणसाच्या केसांचा असतो, बहुधा लहान मुलाच्या. मोजके लांब केस काडीला बांधलेले. रेघ ओढताना तो नुसता टोकानं टेकवत नाहीत. केसांची सगळी लांबी मडक्याच्या अंगावर टेकवून तो सावकाश ओढतात. म्हणूनच ती रेघ गोल पाठीवरून इतकी सरळ आणि बारीक जाते. पेन्सिलीचं रेखाटन आधी केलेलं नसतं. नक्षीचे भाग नजरेनं पाडायचे आणि फिरून आलेली रेघ सुरुवातीच्या रेघेला बरोबर मिळवायची.

शेवटी भाजणी. आपल्याकडच्या आव्यासारखी शंभर मडकी एकदम लावत नाहीत. मडकं बहुधा एकटंच असतं. त्यावर मोठं भांडं पालथं घालतात, भोवती आणि वर रानगोवऱ्या किंवा झाडाची वाळकी साल रचतात आणि पेटवतात. जाळ तासाभराच्या आत आटोपतो. तेवढ्या वेळात कित्येक दिवसांचं काम हाती येतं किंवा तडा जाऊन फुकट जातं.

मॅक्कॅलम येण्याआधी केसादाला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून काही व्यापारी गावातून मडकी नेऊन सीमेवरच्या दुकानांत विकत. काही तर ती जुनी, जमिनीतून निघालेली म्हणून खपवत. या गिऱ्हाइकाला हवं होतं ते स्वस्त, लवकर आणि बिननावाचं काम. पुराणवस्तू म्हणून विकायच्या मडक्यावर कुंभाराचं नाव कोण येऊ देईल? अशा गिऱ्हाइकांची संख्या दुप्पट झाली असती तर केसादाचा गल्ला थोडा वाढला असता, पण मडकी दरवर्षी जाड आणि घाईची होत गेली असती. कारागिराला मदत करताना ही गोष्ट सगळ्यांत आधी तपासायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आज जे गिऱ्हाईक आहे ते कामाला वर नेतंय की खाली ओढतंय? खाली ओढणारं गिऱ्हाईक वाढवून देणं ही मदत नव्हे.

मॅक्कॅलमनं केसादाशी केलेला करार साधा होता. दरमहा सुमारे 300 डॉलर द्यायचे. किती मडकी हवीत, केवढी हवीत, कसली नक्षी हवी, काही ठरवलेलं नव्हतं. सांगणं एवढंच होतं की मनाजोगं काम कर, आणि आधीपेक्षा चांगलं कर. मॅक्कॅलम अधूनमधून येई आणि तयार मडकी घेऊन जाई. हे काही वर्षं चाललं. या काळात केसादाच्या मडक्यांची भिंत अधिक पातळ झाली. नक्षी आडव्या पट्ट्यांत अडकून न राहता मडक्याच्या सगळ्या अंगावरून खेळू लागली. जुन्या पाकिमे नक्षीची नक्कल मागे पडली आणि त्याची स्वतःची रेघ दिसू लागली.

हे पैसे म्हणजे नंतर मालातून वळती करून घ्यायची उचल नव्हती. दर मडक्यामागे पैसे मिळत असते, तर नवी माती किंवा नवा रंग वापरून पाहणं केसादाला परवडलं नसतं, कारण फुटलेल्या मडक्याचा दाम कुणी देत नाही. महिन्याला ठरावीक रक्कम मिळू लागल्यावर फुटण्याचा तोटा मॅक्कॅलमच्या अंगावर गेला आणि केसादाला प्रयोग करायची मोकळीक मिळाली. विणकर असो, सुतार असो, बुरूड असो, हाताच्या धंद्यात नवं करून पाहण्याचा खर्च नेहमी कारागिराच्याच पोटातून निघतो. तो खर्च मदत करणाऱ्यानं उचलला, तरच काम पुढे जातं.

जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडे डहाणू तालुक्यात असंच घडत होतं, हे मराठी वाचकाला आठवेल. भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांत कागद आणि रंग पोचवले, आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं भिंतीवरून कागदावर आली. 1975 साली ती मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. तिथेही आधी सवड आणि साहित्य मिळालं, आणि मग काम दाखवण्याची जागा निवडली गेली.

आता दाखवण्याच्या जागेविषयी. मडकी घेऊन मॅक्कॅलम भेटवस्तूंच्या दुकानांत गेला नाही. तो अमेरिकेच्या नैऋत्य भागातली संग्रहालयं, विद्यापीठं आणि कलादालनं यांच्याकडे गेला. त्याचं कारण त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोमध्ये चाकाविना घडवलेल्या, उघड्यावर भाजलेल्या मडक्यांची पारख असणारे लोक आधीपासून होते. होपी जमातीच्या नाम्पेयो या कुंभारणीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिक्यात्की या उजाड गावच्या खापरांवरून आपली नक्षी घडवली होती. 1905 साली ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर फ्रेड हार्वी कंपनीनं होपी हाउस सुरू केलं, तेव्हा नाम्पेयोला तिथे आणून प्रवाशांसमोर मडकी घडवायला बसवलं होतं. सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ आणि तिचा नवरा हुलियान यांनी 1919 च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी काढायची पद्धत बसवली, आणि पुढे ती भांडी जगभर गेली. मारिया मडक्यांवर सही करू लागली, तेव्हापासून तिथल्या गिऱ्हाइकाला कुंभाराचं नाव विचारायची सवय लागली.

थोडक्यात, ज्यांची नजर तयार आहे असा एक वर्ग तिथे दोन पिढ्या घडत होता. भिंत किती पातळ आहे, घोटाई कशी उतरली आहे, रेघ कुठे डगमगली आहे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मॅक्कॅलमनं त्या नजरांसमोर केसादाची मडकी ठेवली. नेहमीच्या प्रवाशासमोर ठेवली असती तर त्यानं पहिला प्रश्न किमतीचा केला असता, आणि शेजारच्या स्वस्त रंगीत गाडग्याशी तुलना करून तो निघून गेला असता.

पण एक अडचण होती. सांता फेचा नावाजलेला इंडियन मार्केट 1922 पासून भरतो. तिथे बसायचं तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त आदिवासी जमातींचा सदस्य असावं लागे. केसादा मेक्सिकन होता, कुठल्याही जमातीच्या नोंदीत नव्हता. त्याचं काम पुरातन नव्हतं आणि बापजाद्यांकडून आलेलंही नव्हतं. अशा कामाला ठरलेला शिक्का मिळत नाही, आणि शिक्का नसला की विकणारा बिचकतो. मग उरलं एकच ओळखपत्र, करणाऱ्याचं नाव. 1979 साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुलर्टन इथल्या दालनात जे प्रदर्शन भरलं, त्याच्या नावातच हुआन केसादा होता आणि एका नव्या परंपरेचा उल्लेख होता. मडक्यामागचा माणूस गिऱ्हाइकासमोर आला. आता त्या मडक्याला जुनं म्हणून विकायची कुणाला गरज उरली नाही, आणि तसं विकणं शक्यही राहिलं नाही.

नावाबरोबर माणूसही गेला. केसादा प्रात्यक्षिकांसाठी अमेरिकेत जाऊ लागला. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात आयडिलवाइल्ड इथे त्यानं कार्यशाळा घेतल्या. तिथे येणारे स्वतः मातीत काम करणारे होते. त्यांनी तोर्तिया बसवून पाहिली, वळी ओढून पाहिली, केसांच्या कुंचल्यानं एक रेघ ओढून पाहिली. ज्याची रेघ वाकडी गेली तो माणूस केसादाच्या मडक्याच्या किमतीवर घासाघीस करत नाही. प्रात्यक्षिकाला मी जाहिरातीहून फार वरचं मानतो. भाषा येत नसली, इंग्रजी मोडकं असलं, तरी हातांकडे पाहून लोकांना किंमत कळते. परदेशी बाजारात बोलण्यात कमी पडणाऱ्या कारागिराला तर याचा मोठाच आधार असतो.

मग गाव. केसादानं काही लपवलं नाही, आणि ही माझ्या मते मॅक्कॅलमच्या मदतीइतकीच मोठी गोष्ट होती. त्यानं बहीणभावांना शिकवलं. लिडिया, निकोलास, रेनाल्दो यांची नावं पुढे स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. शेजारचे शिकले. गावच्या पोर्वेनीर वस्तीत फेलिक्स ऑर्तिसनं आपली वेगळी वाट काढली. हळूहळू दोनेक हजार वस्तीच्या गावात तीन-चारशे माणसं मडकी घडवू लागली. कुणी काळ्या मडक्यांत नाव काढलं, कुणी कोरीव कामात, कुणी दोन रंगांच्या माती एकत्र मळण्यात. एकाच गल्लीतल्या दोन घरांत सारखा माल असेल तर शेवटी भाव पाडण्यावर येतं. इथे प्रत्येक घराला स्वतःचं काही सापडत गेलं, म्हणून गिऱ्हाईक एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिलं.

धंद्याच्या दृष्टीनं गावाचं नाव होणं फार कामाचं ठरलं. एका कुंभारासाठी कुणी दीडशे किलोमीटरचा रस्ता तुडवत येईल, पण फार जण येणार नाहीत. शंभर घरांत मडकी होत असतील तर संग्राहक येतात, दालनवाले येतात, सहली येतात. लोक घराच्या पुढच्या खोलीत बसून, कुंभाराच्या हातूनच मडकं विकत घेऊ लागले. मधला दलाल गेला नाही, पण त्याची मक्तेदारी गेली. गावात भाव काय चाललाय हे आता कुंभाराला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही कळत होतं.

मॅक्कॅलम काही वर्षांनी या व्यवहारातून बाजूला झाला. ते त्यानं वेळेवर केलं. तोवर मडकी घेणारे, दाखवणारे, विकणारे दुसरे पुष्कळ झाले होते. तो मधे राहिला असता तर सगळी मडकी त्याच्याच हातून जात राहिली असती आणि केसादाला स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः ओळखायची संधी मिळाली नसती. पुढे तो कासास ग्रान्देस इथे राहायला आला आणि 2020 साली वारला. केसादाला 1999 साली मेक्सिकोचा विज्ञान आणि कलांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डिसेंबर 2022 मध्ये तो गेला.

सगळ्याच धंद्यांना ही वाट लागू पडेल असं मी म्हणणार नाही. एडना रूथ बायलर या अमेरिकन बाईंची गोष्ट निराळी आहे. 1946 साली त्या मेनोनाइट पंथाच्या सेवाकार्याबरोबर पोर्तो रिकोत गेल्या. तिथल्या बायका सुरेख भरतकाम करत होत्या, पण विकायला जागा नव्हती. बायलरबाईंनी ते कापड पेन्सिल्वेनियातल्या ॲक्रन गावी आणलं आणि मैत्रिणींना, शेजारणींना, चर्चमधल्या बायकांना विकायला सुरुवात केली. मोटारीच्या डिकीत माल घेऊन त्या गावोगाव फिरल्या. त्यातूनच पुढे मोठी संस्था उभी राहिली आणि 1996 पासून ती टेन थाउजंड व्हिलेजेस या नावानं ओळखली जाते. भरतकामाचे रुमाल, टेबलावरची कापडं घरोघर लागतात, भेट द्यायला लागतात, पुन्हा घेतली जातात. अशा मालाला आपल्या ओळखीच्या वर्तुळातूनच सुरुवात करणं योग्य. तिथे संग्रहालयाच्या पायऱ्या चढायचं कारण नाही.

म्हणून मदत करणाऱ्यानं आधी कारागिराजवळ बसून हिशेब करावा. समजा एक माणूस वर्षाला चाळीस उत्तम मडकी करतो. त्याला वर्षाला चाळीस गिऱ्हाइकं पुरेत, आणि त्यांतली निम्मी परतून येणारी असली तर वीसच नवी हवीत. वीस माणसं शोधायची रीत आणि दोन हजार माणसं शोधायची रीत यांत काहीच साम्य नाही. वीस जणांना पत्र लिहिता येतं, घरी बोलावता येतं, काम दाखवता येतं. चाळीस मडकी करणाऱ्यासाठी दोन हजार माणसं गोळा केली तर एकोणीसशेसाठ जण रिकाम्या हातानं परत जातील, किंवा त्यांच्या मागणीपायी तो माणूस घाई करू लागेल.

माता ऑर्तिसच्या यशात एक मोठं न्यूनही होतं. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं एकाच दिशेचं, सीमेपलीकडून मोटारीनं येणारं. 2008 नंतर चिवावात अमली पदार्थांच्या टोळ्यांचा हिंसाचार वाढला, त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली, आणि गावात येणाऱ्यांचा ओघ आटला. मडकी तेवढीच चांगली होती, करणारेही तेच होते, पण दाराशी गाडी थांबेना. ज्या कुंभारांच्या ओळखी सीमेपलीकडच्या दालनांत होत्या, ज्यांना मडकी घेऊन तिकडे जाता येत होतं, ते तगले. बाकीच्यांचे फार हाल झाले. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे जमिनीवरची सीमा बंद झाली आणि साध्या प्रवाशांना नोव्हेंबर 2021 पर्यंत अमेरिकेत जाता येईना, तेव्हा ज्यांनी दूरवर मडकं सुखरूप पाठवायची सोय बसवलेली होती त्यांनाच त्यातल्या त्यात काही विकता आलं. दुसरी वाट चालू धंद्यातच पाडून ठेवावी लागते. रस्ता बंद झाल्यावर ती पाडायला कारागिराकडे पैसाही नसतो आणि मनही नसतं.

दूर पाठवण्याचं काम हे मदत करणाऱ्यानं अंगावर घेण्यासारखं आहे. एक खोकं दुसऱ्या खोक्यात घालून, मधे भरपूर मऊ भर देऊन मडकं बांधणं, सीमाशुल्काचा कागद भरणं, विमा उतरवणं, फुटलं तर भरपाई मागणं. यात कुंभाराचे दोन-दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत मडकं घडत नाही. तसंच फोटोंचं. मडक्याशेजारी हात दिसला तर आकार कळतो, आतल्या बाजूचा आणि बुडाच्या सहीचा फोटो असला तर विश्वास बसतो. लोकांच्या चौकशांना त्यांच्या भाषेत उत्तरं देणं हेही तसंच काम. हे सगळं करायला कारागीर असावंच लागत नाही, आणि मदत करणाऱ्याचा खरा उपयोग इथेच सर्वांत जास्त होतो.

पैशाच्या बाबतीत मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. विकल्यावर पैसे, या बोलीवर कारागिराकडून माल उचलू नये. त्यात न खपलेल्या मालाचा भार त्याच्यावर राहतो आणि आपण हात झाडून मोकळे होतो. परवडेल तेवढाच माल घ्यावा, पण रोख घ्यावा. आणि आपण तो कितीला विकला हे त्याला सांगावं. डेमिंगच्या दुकानात आपल्या मडक्यावर काय किंमत लावली आहे हे केसादाला कळण्याचा मार्ग नव्हता. ज्याला आपल्या कामाची बाजारातली किंमत ठाऊक नाही, तो पुढच्या गिऱ्हाइकाला ती सांगू शकत नाही.

आज पुष्कळ मराठी माणसं परदेशात राहतात, कामानिमित्त देशोदेशी जातात. कुठल्याशा गावात एखादा कुंभार, विणकर, चांभार, लाकूडकाम करणारा भेटतो, त्याचं काम मनात भरतं, आणि याला आपण गिऱ्हाईक मिळवून द्यावं असं वाटतं. ही इच्छा चांगली आहे, तिला लगेच मोठ्या मागणीचं रूप मात्र देऊ नका. पहिल्या भेटीत एखादी वस्तू पूर्ण किमतीला घ्या, तिच्यावर त्याची सही मागून घ्या आणि ती करायला किती दिवस लागले ते विचारा. पुन्हा जा. तो सध्या कुणाला विकतो, ते गिऱ्हाईक त्याच्याकडून कसलं काम करून घेतं आणि त्याला स्वतःला कसलं करायचं आहे, हे त्याच्या तोंडून ऐका. जमलं तर दोन-तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम द्या आणि कामाची घाई करू नका. ते काम झाल्यावर ज्यांना त्यातलं कळतं अशा पाच-सात जणांना ते दाखवा, शक्य असेल तर त्यालाच तिथे घेऊन जा, आणि त्या सगळ्यांचे पत्ते त्याच्या स्वतःच्या वहीत लिहून द्या.